नर कधी भेटलाच नाही, मग पोट कशाने वाढले?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा गोषवारा. त्यांच्या घरी गेल्या चार महिन्यांपासून व्हेल्ड जातीची एक शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची, मादी आहे आणि तिचे वय आता साधारण आठ महिने असावे. ती पहिल्या दिवसापासून एकटीच आहे. गेल्या दोन आठवड्यांत तिचा फिकट हिरवा रंग गडद होत गेला, त्यावर निळे आणि पिवळे ठिपके उमटले आणि पोटाच्या दोन्ही बाजू फुगल्यासारख्या दिसू लागल्या. चार दिवसांपासून तिने खाणे जवळजवळ सोडले आहे. एरवी सर्वांत वरच्या फांदीवर बसणारी ही मादी आता पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालते आणि कुंडीतील माती उकरते. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांचे म्हणणे असे, की नराशी गाठ पडलेली नसताना ती गाभण असणे शक्यच नाही, पोट साफ होत नसेल, रेचक देऊन पाहा. यजमानांना मात्र वाटते, की विकण्यापूर्वीच तिला नराबरोबर ठेवले असणार आणि आपल्यापासून ते लपवले गेले. दहा वर्षांच्या मुलीला पिल्लांची आस लागली आहे. स्वतः पत्रलेखिका विचारतात, ‘अंडी वाया जाण्यापेक्षा एखादा नर आणावा का? तिलाही आईपण अनुभवता येईल. की मी तिला एकटी ठेवून तिच्यावर अन्याय केला आहे?’

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी आज संध्याकाळपर्यंत करायचे एक काम सांगते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखे नाही. किमान ३० सेंटीमीटर खोल आणि तितकीच रुंद अशी एखादी अपारदर्शक बादली किंवा टब घ्या. त्यात स्वच्छ धुतलेली बारीक वाळू, किंवा वाळू आणि कोणतेही खत वा कीटकनाशक न मिसळलेली माती यांचे मिश्रण, जवळजवळ काठापर्यंत भरा. ते इतके ओलसर करा की मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा टिकेल, पण बोटांतून पाणी निथळणार नाही. मग बोट तिरके खुपसून एक भोक पाडून पाहा. भोक तसेच उभे राहिले तर ओल योग्य आहे. ढासळले तर आणखी थोडे पाणी हवे. ही बादली पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, चढण्या-उतरण्यासाठी तिच्यात एक फांदी तिरकी टेकवा, पिंजऱ्याच्या बाजूंना कापड लावून आडोसा करा आणि मग सर्वांनी तिथून बाजूला व्हा. तुमची मादी कुंडीत जे शोधते आहे ते हेच आहे, असे मला तुमचे वर्णन वाचून वाटते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. त्यातील घोटाळ्याचे मूळ काही अंशी आपण वापरत असलेल्या शब्दातच आहे. ‘गाभण’ म्हटले की गाय, म्हैस, शेळी डोळ्यांसमोर येते आणि त्यांच्या बाबतीत नराशिवाय गर्भ नाही हे उघडच आहे. कोंबडीबद्दल मात्र आपण ‘अंड्यावर आली’ असे म्हणतो, आणि कोंबडा नसलेल्या खुराड्यातही कोंबड्या अंडी देतात याचे कोणालाच नवल वाटत नाही. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी या बाबतीत गाईपेक्षा कोंबडीच्या जवळची आहे. चार ते सहा महिन्यांची होऊन वयात आली की नर कधी दिसला नसला तरी तिच्या अंडाशयात बलक भरू लागतो. काही वेळा तो शरीरातच पुन्हा जिरून जातो. पण अनेकदा बीजे अंडनलिकेत उतरतात, त्यांच्यावर कवच चढते, आणि मग त्या अंड्यांना बाहेर येण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. ही अंडी अफलित असतात, त्यांतून पिल्ले निघत नाहीत, परंतु ती तयार करण्याचा आणि घालण्याचा सगळा भार तिच्या शरीरावर तसाच पडतो. तेव्हा ‘नर नाही म्हणजे अंडी नाहीत’ हे तुम्हाला मिळालेले उत्तर चुकीचे आहे, आणि त्याच्या भरवशावर रेचक देणे धोक्याचे आहे.

सर्वच शॅमेलिऑन सारखे नसतात, हेही इतर वाचकांसाठी नोंदवते. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातून आलेली व्हेल्ड जात नराशिवाय अंडी घालण्यासाठी पाळणाऱ्यांमध्ये विशेष ओळखली जाते. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्येही एकट्या मादीने अंडी घालणे नवलाचे नाही. तिच्या एका वेळच्या अंड्यांची संख्या साधारणपणे १० ते ४० असते. पूर्व आफ्रिकेतील जॅक्सन शॅमेलिऑन मात्र अंडी घालत नाही. ती कित्येक महिने पिल्ले पोटात वाढवते आणि पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली जिवंत पिल्ले जन्माला घालते, त्यामुळे तिच्यासाठी वाळूच्या बादलीचा उपयोग नाही. म्हणून आपल्या घरातील मादी नेमक्या कोणत्या जातीची आहे हे प्रत्येकाने आधी खात्रीने जाणून घ्यावे. ती मादीच आहे याची खात्रीही करावी. व्हेल्ड जातीत हे सोपे असते, कारण नराच्या मागच्या पायांच्या टाचेवर अंड्यातून बाहेर येतानाच एक छोटा कोंब असतो. मादीला तो नसतो.

तिच्या रंगाविषयी तुम्ही जे बारकाईने लिहिले आहे, ते फार उपयोगी पडले. आपल्या भाषेत रंग बदलणारा सरडा म्हणजे लबाडीचे प्रतीक. पण मादी पाळणाऱ्याला तिच्या रंगाइतका प्रामाणिक निरोप दुसरा कोणी देत नाही. समागमाला तयार असलेल्या व्हेल्ड मादीच्या अंगावर मोरपिशी निळसर ठिपके दिसतात आणि ती बहुधा शांत असते. अंड्यावर आलेली मादी गडद, कधी कधी जवळजवळ काळपट हिरवी होते, त्यावर निळे आणि पिवळे ठिपके आणि पट्टे ठळक उठतात, आणि कोणी जवळ गेले तर ती तोंड उघडून फिस्कारते, अंग डोलवते. पँथर मादी अशा वेळी गडद तपकिरी किंवा काळसर होते आणि तिच्यावर नारिंगी-गुलाबी छटा उमटतात. केवळ रंगावरून निदान करू नये, कारण थंडी, भीती किंवा आजारपणामुळेही रंग काळवंडतो. पण गडद रंग, फुगलेल्या बाजू, कमी झालेले खाणे आणि तळाशी चाललेली उकराउकर या चारही गोष्टी तुमच्या पत्रात एकत्र आल्या आहेत. अंडी घालण्याची वेळ जवळ आली की खाणे मंदावणे हे सहसा आजाराचे लक्षण नसते. पाणी मात्र ती पीत राहिली पाहिजे. या प्राण्यांना वाटीतील साचलेले पाणी सहसा ओळखता येत नाही, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पानांवर बारीक फवारा मारा आणि थेंब थेंब गळणारे पाणी तिला दिसेल अशी सोय करा.

तुमच्या यजमानांची शंका अगदीच निराधार नाही. शॅमेलिऑन मादी नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवू शकते आणि एकाच समागमानंतर पुढच्या खेपेचीही फलित अंडी घालू शकते. मोठ्या वयाची मादी घरी आणली असेल तर ही शक्यता धरून चालावे. तुमची मादी तुमच्याकडे आली तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती, त्यामुळे ती मला कमी वाटते, पण अशक्य म्हणता येणार नाही. मात्र फसवणूक झाली की नाही या वादात घरातील जी शक्ती खर्च होते आहे, ती आत्ता तिच्याकडे वळवावी अशी माझी विनंती आहे. अंडी फलित असोत वा नसोत, त्यांचे ओझे सारखेच असते, ती अडकण्याचा धोका सारखाच असतो आणि त्यांना लागणारी जागाही तीच असते. ‘तिला नर भेटला होता का?’ हा प्रश्न तुम्ही सर्वांनी विचारला आहे; ‘तिला जागा मिळाली आहे का?’ हा प्रश्न पत्रात कुठेच नाही, आणि तिच्या दृष्टीने तोच सर्वांत निकडीचा आहे.

मनाजोगी जागा मिळाली नाही तर मादी अंडी रोखून धरते. कुंडीतील मुळांनी भरलेली चार बोटे माती तिला चालत नाही, कारण तिला स्वतःला आत शिरून बोगदा करायचा असतो. रोखलेली अंडी काही काळाने अडकतात आणि मग तिच्या जिवावर बेतते. जागेखेरीज आणखी कारणेही असतात. अंड्यांची कवचे बनवताना तिच्या हाडांतील कॅल्शियम खर्च होते, आणि अंडी पुढे ढकलण्यासाठी स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियमच लागते. ते कमी पडले की जागा असूनही तिच्या अंगात जोर राहत नाही. रातकिडे, टोळ यांसारख्या खाद्यात कॅल्शियम फारच थोडे असते, म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून द्यावी लागते. ते शरीरात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे, आणि ते तयार होण्यासाठी अतिनील ‘बी’ किरणे देणारा दिवा हवा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हावर भिस्त ठेवू नये, कारण काच नेमकी हीच किरणे अडवते. दिवा पेटतो आहे म्हणजे किरणे मिळत आहेत असेही समजू नये. प्रकाश तसाच दिसत असतानाही त्यातील या किरणांचा जोर महिन्यांगणिक घटत जातो. तुमचा दिवा किती जुना आहे ते आजच पाहा. पाण्याची कमतरता, पिंजऱ्यातील गारवा आणि अतिखाण्याने आलेला लठ्ठपणा हीदेखील अंडी अडकण्याची कारणे आहेत.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. रेचक किंवा तेल पाजू नका, आणि अंडी आहेत का हे पाहण्यासाठी तिचे पोट दाबू नका. आत अंडे फुटले तर बलकामुळे पोटाच्या पोकळीत गंभीर दाह होऊ शकतो.

ती कामाला लागली की काय दिसेल, हे सविस्तर सांगते, कारण पहिल्या वेळी पाहणारा माणूस घाबरतो आणि घाबरून चूक करतो. माझ्या घरी पहिली मादी अंड्यावर आली तेव्हा तिने एक संपूर्ण सकाळ दोन-तीन ठिकाणी अर्धवट खड्डे करण्यात घालवली. मग एका कोपऱ्यात, भिंतीला धरून, तिने डोके खुपसले. पुढच्या पायांच्या चिमट्यासारख्या पंजांनी वाळू सैल करायची, मागच्या पायांनी ती बाहेर लोटायची, थांबायचे, एक डोळा मागे वळवून पाहायचे आणि पुन्हा आत शिरायचे, असे चालले होते. दुपारपर्यंत फक्त शेपटीचे टोक बाहेर उरले. आत काय चालले आहे या उत्सुकतेने मी कापड बाजूला सारले आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती बोगद्यातून बाहेर आली, फांदीवर जाऊन बसली आणि त्या दिवशी पुन्हा खाली उतरली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या कोपऱ्यात सगळे पहिल्यापासून केले. तिच्या अंगातील एका दिवसाची ताकद माझ्यामुळे वाया गेली, याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून तुम्हाला सांगते, की दिवसातून एक-दोन वेळा दुरून, कापडाच्या फटीतून पाहावे; मुलीलाही ती फट दाखवावी, पण हात लावू नये, फोटोसाठी दिवे लावू नयेत. खणण्यापासून बोगदा बुजवण्यापर्यंत सगळे काही तासांत आटोपू शकते किंवा दोन दिवसही चालू शकते. अंडी घालून झाली की ती वाळू परत लोटते आणि पायांनी दाबून दाबून जागा पूर्वीसारखी करते. हे दाबणे पूर्ण होईपर्यंत तिला उचलू नये.

आता धीर धरायचा कुठपर्यंत, ते पाहू. डोळे खोल गेले असतील, दिवसाढवळ्या ती डोळे मिटून बसत असेल, फांदीवरची पकड ढिली होऊन घसरत असेल, तळाशी नुसती पडून राहत असेल, कळा दिल्यासारखी जोर करत असेल पण काही बाहेर येत नसेल, मलद्वाराशी ऊती बाहेर आलेली दिसत असेल, किंवा दोन-चार अंडी घालून थांबली असेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. योग्य जागा देऊनही दोन दिवस खणत राहिली आणि अंडी घातली नाहीत, तरीही न्यावे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण आहे याची चौकशी आजच, सगळे ठीक असताना करून ठेवा. ते एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून अंडी किती आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहतील. गरजेप्रमाणे शरीरात द्रव आणि कॅल्शियम देतील, काही वेळा अंडनलिकेला आकुंचन आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतील, आणि काहीच उपाय चालला नाही तर शस्त्रक्रियेने अंडी काढतील. ऑक्सिटोसिन घरी देण्याचे औषध नाही. वाट मोकळी नसताना ते दिले तर अंडनलिका फाटू शकते.

नर आणण्याबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे. पहिले कारण असे, की कवच चढण्यापूर्वीच बीज फलित व्हावे लागते. या खेपेची अंडी आता कोणत्याही नरामुळे फलित होणार नाहीत. दुसरे असे, की अंड्यावर आलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही, ती त्याला चावते आणि तोही तिला जखमी करू शकतो. शॅमेलिऑन मुळात एकटा राहणारा प्राणी आहे. पिंजऱ्यापलीकडे सतत दिसणारा दुसरा शॅमेलिऑनदेखील त्याला त्रासदायक ठरतो, मग तो नर असो वा मादी. तुम्ही तिला एकटी ठेवलीत यात अन्याय झालेला नाही. तिला हवे तसेच तुम्ही तिला ठेवले आहे.

‘तिलाही आईपण अनुभवता येईल’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण त्यात तुमची माया दिसते. परंतु ती माया आपल्या आईपणाच्या कल्पनेतून आली आहे. व्हेल्ड मादी वाळू दाबून बसवते आणि निघून जाते. ती अंडी उबवत नाही, त्यांची राखण करत नाही, आणि काही महिन्यांनी बाहेर येणारी पिल्ले तिच्यासमोर आली तर ती त्यांना ओळखतही नाही. भुकेली असली तर खाऊही शकते. पिल्ले नसल्यामुळे तिच्या आयुष्यात काही उणे राहते, असे मानण्याला आधार नाही. उलट प्रत्येक खेप तिच्या हाडांतून आणि वयातून काहीतरी घेऊन जाते.

मुलीला हेच सांगावे, आणि त्याबरोबर हिशेबही दाखवावा. व्हेल्ड मादी एका वेळी २० ते ७० अंडी घालू शकते. फलित अंडी २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात, ओलसर माध्यमात, जशी ठेवली त्याच बाजूवर न उलटता साधारण सहा ते नऊ महिने सांभाळावी लागतात. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक पिल्लाला दिवसातून अनेकदा चिमुकले जिवंत कीटक, फवारा आणि दिवा लागतो, आणि काही महिन्यांत ती एकमेकांना सहन करेनाशी झाली की प्रत्येकाला वेगळे घर द्यावे लागते. चाळीस घरे मिळण्याची खात्री नसताना पिल्ले जन्माला घालणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना तरीही पुढे कधी या वाटेने जायचे असेल त्यांनी मादी एक वर्षाची, भरल्या अंगाची आणि निरोगी होईपर्यंत थांबावे, आणि आपल्याकडील कायदा हे प्राणी पाळण्याबद्दल व वाढवण्याबद्दल काय सांगतो ते आधी पाहावे. तुमच्या मुलीला आत्ता देण्यासारखे काम वेगळे आहे. एका वहीत रोजचे वजन, रंग, खाल्लेले कीटक आणि पाणी यांची नोंद तिच्याकडे सोपवा. ग्रॅममध्ये मोजणारा साधा डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे, फक्त खणायला लागल्यापासून अंडी घालून होईपर्यंत वजनासाठी मादीला हलवू नये.

अंडी घातल्यावर ती एकाएकी खंगल्यासारखी दिसेल, कातडी लोंबेल आणि कमरेची हाडे वर येतील. लगेच लांबलचक फवारा द्यावा, भरपूर पिऊ द्यावे, आणि पुढचे आठ-दहा दिवस कॅल्शियम लावलेले कीटक ती खाईल तितके द्यावेत. अंडी वाळूतून काढून मोजावीत. तुमच्या शंकेचा निकाल तिथेच लागेल असे नाही, कारण ताजी अफलित अंडीही पांढरी दिसू शकतात. पण काही आठवड्यांत ती पिवळी पडून पिचकतात आणि त्यांच्यावर बुरशी येते. यजमानांना खात्री करून घ्यायचीच असेल तर पाच-सहा अंडी झाकणाच्या डब्यात ओलसर वर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजावर) ठेवून पाहता येतील. परंतु ती टणक आणि पांढरी राहिली तर काय करायचे, हे आधी ठरवून मगच ठेवावीत.

मादी सावरली, वजन परत आले, की पुढच्या खेपेचा विचार सुरू करावा. अनुभवी पाळणारे पूर्ण वाढलेल्या मादीला दिव्याखालच्या फांदीवर २७ ते २८ अंशांपेक्षा जास्त उष्णता मिळू देत नाहीत, आणि एक दिवसाआड तीन-चार कीटकच देतात. सतत मिळणारे खाणे आणि ऊब यांचे रूपांतर तिचे शरीर अंड्यांत करते. दोन्ही आवरले की खेपेतील अंडी कमी होतात, काही माद्यांत खेपाच लांबतात. वाढत्या वयाच्या पिल्लाला मात्र असे मोजून खायला घालू नये. तुमची मादी आठच महिन्यांची आहे, म्हणून तिची वाढ पूर्ण होईपर्यंत हे प्रमाण पशुवैद्यांना विचारून हळूहळू ठरवा. अंडी घातल्याची तारीख वहीत लिहा. व्हेल्ड मादी तीन-चार महिन्यांत पुन्हा अंड्यावर येऊ शकते, म्हणून वाळूची बादली काम झाले म्हणून उचलून ठेवू नका. वाळू बदला, ओल तपासा आणि बादली पिंजऱ्यात तिच्या जागी राहू द्या.